फेरारा पाहायचे असल्याने दृष्टितपासणी पुढे ढकलणेबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
वैद्यकीय तपासणी मंडळ (वाहन परवाने),
मोन्तेल्वेरो.

विषय : पती श्री. नाझारेनो ब्रांदोनी (वय ८३) यांची दि. १५ ऑक्टोबर रोजीची दृष्टितपासणी आमच्या रेल्वे सहलीमुळे पुढे ढकलणेबाबत.

संदर्भ : आपले दि. ८ सप्टेंबरचे पत्र, जे पतींना मी वाचून दाखवले.

महोदय,

१. मी, एर्सिलिया तोंबोलिनी, वय ७६, नम्रपणे अर्ज सादर करते. चौतीस वर्षे मी टपाल कचेरीच्या खिडकीत बसले आहे. लांबलचक अर्ज पाहिला की खिडकीच्या आतल्या माणसाच्या कपाळावर कशा आठ्या पडतात, हे मला पक्के ठाऊक आहे. तरी आपण हा अर्ज शेवटपर्यंत वाचावा.

२. आमची सहल दि. १४ ते १७ ऑक्टोबर अशी ठरली आहे. मंगळवारी बसने आंकोना, तिथून रेल्वेने बोलोन्या, दुपारभर बोलोन्या पाहून संध्याकाळच्या गाडीने फेरारा. बुधवार अख्खा फेराराला. गुरुवारी राव्हेन्ना, शुक्रवारी दुपारचे जेवण रिमिनीला आणि दिवेलागणीला घरी. सगळा प्रवास रेल्वेने आणि पायी. गाड्यांच्या वेळा मी कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून काढल्या असून गाडी बदलण्याच्या प्रत्येक ठिकाणी पतींसाठी आठ मिनिटे जिन्याची आणि पाच मिनिटे कुरकुरीची अशी वेगळी धरली आहेत. आपण तपासणीला नेमका बुधवार दिला आहे. म्हणजे माझा फेराराचा दिवस.

३. फेराराच का, असे आपण विचाराल. पतींचे थोरले बंधू पादोव्हाला असतात. एकेचाळीस वर्षे दर ऑगस्टमध्ये आम्ही मोटारीने त्यांच्याकडे गेलो. वाटेत बोलोन्या लागते, फेरारा लागते. दर वर्षी मी म्हणायची, "नाझारेनो, इथे जरा उतरू या का?" आणि दर वर्षी उत्तर यायचे, "परत येताना बघू." परत येताना उत्तर यायचे, "आता कुठे, उशीर झालाय." अशा रीतीने मी फेरारावरून ब्याऐंशी वेळा गेले आहे आणि फेरारा ही माझ्या लेखी निळ्या रंगाची एक पाटी आहे. बोलोन्या म्हणजे पथकर नाका. तिथला माणूस दोनदा बदलला, त्याच्या बायकोची चौकशी करण्याइतकी आमची ओळख झाली, पण त्याच्या पाठीमागे शहर आहे की नाही, हे मी आजतागायत पाहिलेले नाही.

४. जुलैमध्ये आमच्या डॉक्टरांनी परवान्याचे नूतनीकरण न करता प्रकरण आपल्याकडे पाठवले. तेव्हापासून आमची हिरवी पांडा मोटार गॅरेजमध्ये आहे. पती दर रविवारी चर्चहून आले की तिच्यात जाऊन बसतात, पट्टा लावतात आणि अर्धा तास रेडिओ ऐकतात. मी त्यांना रेल्वेची सवय व्हावी म्हणून एका स्टेशनापुरती फेरी मारून आणली. फलाटावरच्या यंत्रात तिकिटावर शिक्का मारून घ्यायला सांगितले तर म्हणाले, "मी काय तुझ्या कचेरीतलं पाकीट आहे?" शिक्का मी मारला. डब्यात त्यांचा उजवा पाय प्रत्येक वळणावर जमीन दाबत होता. उतरल्यावर ते तडक इंजिनापर्यंत चालत गेले आणि चालकाला म्हणाले, "बाळा, ब्रेक उशिरा लावतोस." चालकाने त्यांना सलाम केला. तेवढ्यावरून ते दोन दिवस खुशीत होते, म्हणून माझी उमेद वाढली आणि मी पुढचे आरक्षण केले.

५. आता जे लिहिते आहे ते लिहिताना लाज वाटते. गेली तीन वर्षे आमची मोटार पती एकटे चालवत नव्हते. चाक त्यांच्या हातात असायचे आणि डोळे माझे असायचे. "नाझारेनो, लाल." "नाझारेनो, डावीकडे बाई आहे, कुत्र्यासकट." लोकांना वाटायचे, काय गोड जोडपे, या वयातही गाडीत गप्पा मारत जातात! एकदा मोठ्या चौकातल्या गोल वळणावर माझ्या तोंडात लिमलेटची गोळी होती. कुठे वळायचे ते सांगता येईना, म्हणून आम्ही पाच फेऱ्या मारल्या. आमचे पाद्रीबाबा रस्ता ओलांडायला उभे होते. तिसऱ्या फेरीपासून ते आम्हाला आशीर्वाद देऊ लागले. त्याचे मला हसू आले होते. मे महिन्यात मात्र शाळेपुढच्या पांढऱ्या पट्ट्यांजवळ मी क्षणभर कुणाच्या तरी गॅलरीतल्या फुलांकडे पाहत राहिले. गाडी थांबली तेव्हा समोरच्या दप्तरात आणि आमच्यात हातभर अंतर होते. कुणाला काही झाले नाही. पतींना वाटले, रस्त्यात खड्डा होता. मी हो म्हणाले. मला त्या हातभर अंतराची अजून भीती वाटते, महोदय, आणि आजवर हे मी कोणाला सांगितलेले नाही.

६. आणखी एक बाब. एल्व्हिओच्या कॉफीच्या बारमधल्या पत्ते खेळणाऱ्या मंडळींनी कुठूनतरी आपल्याकडे असतो तसा अक्षरांचा तक्ता पैदा केला आहे. रोज अकरा वाजता पत्ते बाजूला ठेवून पतींची उजळणी घेतात. "पाचवी ओळ! आता उलटी!" मी तिथे दूध आणायला गेले असता पती हात मागे बांधून, छाती काढून, सगळा तक्ता वरपासून खालपर्यंत घडाघडा म्हणत होते. एकही चूक नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तक्ता दाराजवळच्या भिंतीवर होता. पती कॉफीच्या यंत्राकडे तोंड करून उभे होते.

७. सबब विनंती की,
(अ) तपासणीची तारीख सहलीनंतरची द्यावी.
(ब) त्या दिवशी तक्ता बदलावा.
(क) तक्ता का बदलला हे पतींना कळू देऊ नये. एकोणपन्नास वर्षांचा संसार आहे.

८. इथवर लिहून मी काल आपल्या कार्यालयात आले. खिडकीतल्या मुलीने सांगितले, "आजी, तारीख बदलायची तर परवानाधारकाची सही लागते. नवरा असला तरी तुमची सही चालत नाही." नियम बरोबर आहे, मीही तेच सांगितले असते. घरी येऊन मी कागद पतींपुढे ठेवला आणि म्हटले, इथे सही कर, सहलीचा आहे. ते म्हणाले, "वाच आधी. न वाचता सही करायला मी काय खुळा आहे?" मी वाचला. चालकाच्या सलामाजवळ त्यांनी मान डोलावली. पुढे मी एकदम विनंतीवर आले आणि त्यातलेही फक्त (अ) वाचले. ते म्हणाले, "एर्सिलिया, चारनंतर सात कधीपासून यायला लागले?"

९. तेव्हा मी सगळे वाचले. वाचताना मान वर केली नाही. झाल्यावर ते बराच वेळ ब्रेडचा चुरा एका जागी गोळा करत बसले. मग म्हणाले, "खड्डा नव्हता तर." मी म्हटले, नव्हता. ते म्हणाले, "आणि तुला काय वाटलं, तीन वर्षं तू गप्पा मारतेस असं मला वाटत होतं? अगं, त्याआधी तू गाडीत बसलीस की झोपायचीस." महोदय, मी टपालाच्या खिडकीत पुष्कळ माणसांना रडताना पाहिले आहे, स्वतः कधी रडले नव्हते. त्यांनी मला रुमाल दिला. म्हणजे रुमाल म्हणून भांडी पुसायचे फडके दिले, पण दिले. आणि म्हणाले, "तारीख पुढे ढकलू नका म्हणावं. तपासणीच नको म्हणावं. परवाना घेऊन टाका. पण रेल्वेत खिडकीजवळ मी बसणार, आणि बाहेर काय काय आहे ते तू सांगायचं. सगळं. नुसतं लाल-हिरवं नाही."

१०. तरी मुद्दा ७ मधील (अ), (ब) व (क) रद्द समजून पतींचा परवाना त्यांच्याच इच्छेने जमा करून घ्यावा. विषयाची ओळ बदलायला हवी होती, हे मला कळते. परंतु पतींनी याच कागदावर सही करून टाकली आहे आणि दुसऱ्या कागदावर ते पुन्हा इतक्या सहज करतील, याची मला खात्री वाटत नाही.

आपल्या उत्तराची वाट न पाहता गाडीत बसणारी, आपली नम्र,
एर्सिलिया तोंबोलिनी

परवानाधारकाची सही : नाझारेनो ब्रां

दिनांक : २३ सप्टेंबर २०२५

सोबत :
१. मूळ वाहन परवाना.
२. एल्व्हिओच्या बारमधील तक्ता (मंडळींनी स्वखुशीने दिला).
३. सहीचा उरलेला भाग कागदाबाहेर, टेबलक्लॉथवर झाला आहे. टेबलक्लॉथ धुतलेला नाही. कार्यालयास आवश्यक वाटल्यास दि. १७ नंतर समक्ष दाखवीन, मात्र जमा करणार नाही.