समोरचा पडदा

फेल्डहोवन, नेदरलँड्स, मंगळवार, ९ फेब्रुवारी २०२१

आज माझं डोकं शांत आहे. पण समोर आनेकेच्या घराचा पडदा सकाळपासून बंद आहे, आणि माझं लक्ष सारखं तिकडेच.

इथे दिवसा कुणी पडदे ओढत नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याला थेट या डच लोकांचा सोफा दिसतो. मी मात्र अर्धशिशी उठली की उजेड सोसत नाही म्हणून सगळं बंद करून पडते. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद, घरात पडदे बंद. पुण्याहून आई म्हणते, "स्क्रीन कमी बघ गं, सुंठ उगाळून लाव." इथले डॉक्टर फोनवरच पॅरासिटामॉल सांगतात. लॉकडाउनमध्ये दारात येऊन विचारणारं कोण?

आनेके आली होती, गेल्या महिन्यात. सत्तरीची बाई, जेमतेम ओळख. माझा पडदा दोन दिवस बंद दिसला म्हणून. बेल वाजवली नाही, दारावर बोटानं हलकेच टकटक केलं, लांब उभी राहिली आणि कुजबुजत विचारलं, "डोकं?"

कुजबुजत! आवाजही डोक्यात घुसतो, हे ज्याचं दुखतं त्यालाच ठाऊक; तेव्हाच कळलं, हिचंही दुखतं. मी दारातच रडले.

मग आज मी जाऊ का? की निजली असेल? उठवलं तर? दोनदा चपला घातल्या, दोनदा काढल्या. शेवटी खिडकीत बसून राहिले. काय उपयोग माझा?

आता अंधारलंय, लिहिलेलं नीट दिसत नाही. तरी दिवा लावत नाहीये. माझ्या खिडकीतला उजेड सरळ तिच्या पडद्यावर पडतो.