तुझ्या सहीचा कागद

प्रिय पेइलान,

एरवी माझं पत्र वसंतसणालाच येतं. आज मध्येच आलेलं बघून तू आधी चष्मा शोधशील आणि मग ‘हिचं काय बिनसलं आता’ म्हणशील. काही बिनसलेलं नाही. गुडघे सोडले तर मी ठणठणीत आहे. पुढच्या महिन्यात मी इथल्या बालभवनातून निवृत्त होतेय आणि या मंडळींनी माझ्या बुद्धिबळाची एक अख्खी भिंत सजवायचा घाट घातलाय. पदकं झाली, फोटो झाले. आता त्यांना हवाय नानजिंगच्या निवड स्पर्धेतल्या आपल्या शेवटच्या डावाचा कागद, आपल्या दोघींच्या सह्यांचा. खालची पाटीसुद्धा रंगवून तयार होती, ‘जिथून सगळं सुरू झालं तो विजय’. कागद माझ्या पेटीतच होता. आठ दिवस मी सापडत नाही म्हणून थापा मारल्या.

आठवतात ना हुओ मास्तर? जन्मभर आपलं चिनी बुद्धिबळ खेळलेला माणूस. प्रांताच्या साहेबांनी त्यांना थंडीत बोलावून सांगितलं, वसंतापर्यंत मुलींचा परदेशी बुद्धिबळाचा संघ उभा करा. बिचारे आज स्वतः शिकायचे ते उद्या आपल्याला शिकवायचे. पुस्तक एकच, तेही रशियन, त्यामुळे आपण नुसत्या आकृत्यांवरून अंदाज बांधायचो. तू मात्र त्यातले उतारे काढून हार्बिनच्या मामाला पाठवायचीस, त्याला रशियन येतं म्हणून. मामाचं उत्तर काही येईना आणि आम्ही सगळ्या तुला चिडवायचो. मला तर तो खेळ पहिल्याच दिवशी आवडला होता. आपल्या पटावर बाई औषधालाही नाही, सेनापती महालाबाहेर पाऊल टाकत नाही, आणि इथे राणी पट ओलांडून वाटेल तिकडे धावते. मी हरले की तू तुझी तिळाची भाकरी अर्धी मोडून द्यायचीस. त्या काळात मी बरीच भाकरी खाल्ली.

मग तो शेवटचा डाव. बीजिंगला राष्ट्रीय संघात जायची जागा एकच. तू अर्ध्या गुणाने पुढे होतीस, तुला बरोबरीही पुरत होती, मला जिंकायलाच हवं होतं. तुझा एकटा राजा कोपऱ्यात, माझी राणी आणि राजा त्याच्यावर चालून गेलेले. मी राणी सरकवली. तुझ्या राजाला शह नव्हता, पण त्याला हलायलाही जागा उरली नव्हती. आपल्या चिनी बुद्धिबळात ज्याची खेळी संपली तो हरला, हे तर आपण दात पडायच्या वयात शिकलो होतो. मी अशी उडी मारली की खुर्ची पडली. तू जरा वेळ पटाकडे बघत राहिलीस, मग हसलीस आणि हात पुढे केलास. मास्तरांनी गरम पाण्याचा थर्मास बाजूला ठेवून माझ्यापुढे एक आणि तुझ्यापुढे शून्य लिहिलं. आपण सह्या केल्या. चार दिवसांनी तूच मला गाडीवर सोडायला आलीस, उकडलेल्या अंड्यांची पिशवी घेऊन.

आता जे लिहायचं ते लिहिते. बीजिंगला तिसऱ्या महिन्यात आम्हाला नियमांची भाषांतर केलेली पुस्तिका मिळाली. चौथ्या पानावर होतं, शह नसेल आणि खेळीही नसेल तर डाव बरोबरीत. मी ते उभ्याउभ्या चार वेळा वाचलं. ताटातल्या शेवया गार झाल्या. पेइलान, ती जागा तुझी होती. त्याच दिवशी तुला कळवायला हवं होतं. पण मी घाबरले. पुढच्या आठवड्यात परदेशी जायचं होतं, नवा कोट शिवून झाला होता. तुलाही माहीत नव्हतं, मास्तरांनाही नव्हतं, मग कुणाचं काय बिघडलं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

आणि मग किती मजेत दिवस गेले म्हणून सांगू. पहिल्या परदेशी ग्रँडमास्टर बाईला हरवलं तेव्हा तिने तीनदा विचारलं, तू हे शिकलीस कुठे. मी सांगितलं, वाचता न येणाऱ्या पुस्तकातून. मला किताब मिळाला तेव्हा तुझी तार आली होती, ‘आता तरी मोजे स्वतः शिव.’ मी खोटं बोलणार नाही, त्यातला एकेक दिवस मला प्यारा होता. पण प्रत्येक पदकाला तू आठवायचीस, शूझौच्या शाळेत पोरांना गणित शिकवणारी, आणि मला लोकांच्या नजरेला नजर देववत नसे.

गेल्या रविवारी इथे मुलांची स्पर्धा होती, मी मुख्य पंच. एका टेबलाशी एक मुलगी ‘जिंकले, जिंकले’ म्हणून नाचत होती आणि समोरची दोन वेण्यांची चिमुरडी हात पाठीमागे बांधून बसली होती. मी वाकून पट पाहिला. तोच कोपरा, तसाच कोंडलेला राजा. मी विचारलं, हात का मिळवत नाहीस?

“बरोबरी आहे ना. आजी म्हणते, खेळी संपली म्हणून हात पुढे करायचा नाही. तिने एकदा केला होता.”

“तिला नियम माहीत नसेल.”

“माहीत होता. मामांचं पत्र आलं होतं तिच्या. पण समोरची मुलगी एवढी नाचत होती ना, की आजीला सांगवेना.”

मी तिला आजीचं नाव विचारलं नाही. तुझी हनुवटी मी ओळखते.

म्हणजे मामाचं उत्तर आलं होतं तर. आणि तू इतकी वर्षं दर वसंतसणाला मला लोणच्याच्या पाककृती लिहून पाठवतेस! पंचाच्या खुर्चीत बसून मी आधी रडले आणि मग इतकी हसले की पोरं घाबरली. नात येणार हे तू मला मुद्दामच कळवलं नाहीस ना? तर आता ऐक. तो कागद या पत्रासोबत आहे. एक आणि शून्य मी खोडलंय, दोघींपुढे अर्धा अर्धा लिहिलाय आणि शेजारी माझी नवी सही केलीय. पाटीही बदलायला सांगितलीय, ‘जिथून सगळं सुरू झालं ती बरोबरी’. भिंतीवर मधली जागा रिकामी ठेवलीय. तुझी सही राहिली आहे. ती कर, पण कागद पोस्टाने पाठवू नकोस, घेऊन ये. तिळाची भाकरी मी आणून ठेवते, या खेपेला अर्धी तुला.

तुझीच,
आजही खुर्ची पाडणारी जिंगशू