यामिनीची भाकरी

गुरुवार, मेसमधून आल्या आल्या

आज जेवताना जे झालं, ते लिहूनच टाकते.

येलदरी धरणाच्या पाण्याखाली जादूचं वसतिगृह आहे, अशी माझी वहीतली कादंबरी सगळ्या होस्टेलात फिरायलीय. तिसरा भाग वाचून पोरी भांडायल्यात, नायक अर्णव नायिकेला मिळावा की दुष्ट यामिनीला. मला लय भारी वाटत होतं. पण यामिनी म्हणजे आमच्याच होस्टेलातली वैष्णवी, हे कुणालाच सांगितलं नव्हतं. नाटकातली माझी भूमिका तिला मिळाली, तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

नाव बदललं, गाव बदललं, केस कुरळे केले. आणि भाकरी? वैष्णवी आधी भाकरीचे चार सारखे तुकडे करते, मगच पहिला घास घेते. ते मी यामिनीला जसंच्या तसं देऊन टाकलं. एवढी कशी मी येडी!

आज ती ताट घेऊन नेमकी माझ्यासमोर बसली. भाकरीचे चार तुकडे केले आणि म्हणाली, "यामिनी बी अशीच खाती ना?"

मी पटकन पाण्याचा पेला उचलला, तर ती पुढं म्हणाली,

"वाईट दाखव की, चालतंय मला. पण तीन भाग झाले, तिला एक बी मैत्रीण न्हाई. असं कसं गं?"

मी सॉरीसुद्धा म्हणाले नाही. का नाही म्हणाले? तिनं मात्र एक तुकडा उचलून माझ्या ताटात ठेवला.

चौथा भाग रविवारी लिहिणार होते. आत्ताच लिहायला घेते. यामिनी एकटी जेवायला बसलीय, भाकरीचे चार तुकडे केलेत, आणि नायिका ताट घेऊन तिच्याकडं निघालीय.