डबीतली माय

प्रिय माय,

तू गेल्यावर दोन वर्षं मी तुला एक अक्षर लिहिलं नाही. मनातल्या मनात भांडले, तेवढं पुरत होतं. आज लिहितेय, कारण उद्या रविवारी तुझा धाकटा विलास तुझ्या गावाला जातोय. नरखेडकडे, जिथून तुम्ही सगळे तू लहान असताना निघालात आणि पुन्हा कधी गेला नाहीत, त्या गावाला. आणि तो एकटा जात नाही. तुझा आवाज सोबत नेतोय. कुणाच्या तरी दारात उभा राहून तुला बोलायला लावणार आहे!

त्याआधी मला तुझ्याशी बोलायचंय. तुझ्याशी म्हणजे तुझ्याशीच. त्या डबीशी नाही.

डबी कुठली, हे तुला कसं ठाऊक असणार? सांगते. पायल आठवते ना? मौद्याची, चष्मेवाली, जिला तू रोज भाकरी वाढायचीस आणि रोज म्हणायचीस की ही पोट्टी पाखरावाणी खाते? विद्यापीठानं विद्यार्थ्यांच्या आणि प्राध्यापकांच्या डिजिटल प्रकल्पांना निधी द्यायचं ठरवलं, तेव्हा तिच्या मृणाल मॅडमनी जुन्या बायकांच्या आठवणी रेकॉर्ड करायचा प्रकल्प मांडला. निधी मिळाला आणि पायल आपल्या दारात आली. पहिल्याच दिवशी तू तिला दरडावलंस, ‘मशीन चालू आहे ना वं? नाहीतर मी बोलत राहीन अन् तू रिकामी जाशील.’

किती बोललीस तेव्हा! गिरणीतल्या नोकरीबद्दल, धम्मदीक्षेच्या दिवशी बापाच्या खांद्यावरून पाहिलेल्या पांढऱ्या लुगड्यांच्या गर्दीबद्दल, आणि माझ्या लग्नातल्या खारट वरणाबद्दलसुद्धा. ते तरी कशाला सांगायचं होतं? विद्यापीठाच्या कपाटात आता माझ्या सासरचं वरण कायमचं खारट राहणार.

फक्त एका प्रश्नाला तू बोलली नाहीस. पायलनं विचारलं, ‘आजी, गाव काहून सोडलं?’ मी तिथेच मेथी निवडत बसले होते. तू पदराचं टोक बोटाला गुंडाळलंस, उलगडलंस, पुन्हा गुंडाळलंस. पंखा फिरत राहिला. मग म्हणालीस, ‘पुढचं विचार वं पोरी.’

आम्हाला एवढंच ठाऊक होतं की तुझी मोठी बहीण गोदामावशी गेली आणि त्यानंतर लवकरच तुमच्या घरानं गाव सोडलं. ती कशानं गेली, हे तू मला सांगितलं नाहीस, विलासला नाही, बाबांनाही नाही. मी विचारलं की उठून पाणी भरायला जायचीस. का गं माय? माझ्यावर एवढाही भरवसा नव्हता? मी तुझी थोरली लेक होते. तुझ्या आजारपणात तुझे केस मी विंचरले, तेव्हा तरी सांगायचं होतंस.

तू गेलीस आणि प्रकल्पाचा दुसरा टप्पा आला. मॅडम घरी आल्या, तुझ्या फोटोला हार घातला आणि म्हणाल्या, ‘आजींच्या आवाजावरून यंत्राला शिकवता येतं. मग आपण काहीही विचारलं, तरी त्या त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच आवाजात उत्तर देतील.’ विलासच्या डोळ्यांत लगेच पाणी. त्यानं वारस म्हणून सही करून टाकली. मला विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काय म्हटलं असतं, कोण जाणे. तुझा आवाज ऐकायला मीही आसुसलेच होते.

तर ती डबी. मुठीत मावेल एवढा काळा स्पीकर, तुझ्या फोटोशेजारी ठेवलाय. ‘माय’ म्हटलं की त्यावर हिरवा दिवा लागतो आणि तू म्हणतेस, ‘बोल बापू.’ पहिल्या दिवशी विलासच्या शोभाच्या हातून वाटी पडली. आता ती डबीकडे पाठ करून स्वयंपाकसुद्धा करत नाही. म्हणते, सासूबाई बघून राहिल्या असं वाटते.

सुरुवातीला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? कळमन्याच्या फळबाजारातून दमून आलेला विलास चहाचा कप घेऊन तुझ्यासमोर बसायचा, संत्र्याचा भाव सांगायचा. तू म्हणायचीस, ‘जेवला का?’ मग शेजारची कमलाबाई यायला लागली. तिचा मुलगा घर सोडून गेलाय, तुला माहीत आहे. तिनं विचारलं, ‘येईल का वं परत?’ डबी म्हणाली, ‘येईन तो, येईन. दिवाळीले येईन.’ कमलाबाई हसत घरी गेली. मला मात्र तुझं जुनं बोलणं आठवलं. तू जिवंत होतीस तेव्हा तिला तोंडावर म्हणाली होतीस, ‘त्याची वाट पाहू नको, तू तुझं पाह्य.’

आणि मग विलासनं तो प्रश्न विचारला.

मी नव्हते तिथे. पण त्यानं रेकॉर्ड केलं आणि मला ऐकवलं. आधी तो स्वतःच बोलतोय, चिडलेल्या आवाजात, ‘माय, गोदामावशीले कोणी मारलं? पाटलायनं ना? सांग.’ आणि तू म्हणतेस, तुझ्याच आवाजात, तो मधला श्वास घेत, ‘हो बापू. किसन पाटलानं. विहिरीत ढकललं तिले.’

माय, मी तीन वेळा ऐकलं. मग मे महिन्याच्या उन्हात तशीच बाहेर पडले.

मी पायलला गाठलं. विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये ती चहा समोर ठेवून नुसती बसून होती. म्हणाली, ‘मावशी, आजींनी ते नाव कधीच घेतलं नाही. मी सगळं ऐकलंय. मी त्यांचं गप्प राहणंही जसंच्या तसं ठेवलं होतं. पण यंत्राला शिकवताना शांतता कापून टाकतात, तिला कचरा समजतात. मग जिथं उत्तर नाही तिथं ते अंदाजानं भरतं.’ किसन पाटील हे नाव कुठून आलं? तू एकदा सांगितलं होतंस की त्यांच्या बागेतली संत्री चोरून खाल्ली आणि पोट दुखलं. तेवढंच! त्या बिचाऱ्या संत्र्यांवरून खून झाला.

बिचारी म्हणतेय खरी, पण मला काय ठाऊक? कदाचित पाटलानं खरंच ढकललंही असेल. हेच तर मला खाऊन राहिलंय.

मी मॅडमना म्हटलं, हे बंद करा. त्या वाईट नाहीत गं. पण म्हणाल्या, ‘पुढच्या आठवड्यात समिती येतेय. प्रात्यक्षिक झालं की दुसरा हप्ता मिळेल, मग दुरुस्त करू. आत्ता थांबवलं तर मुलांचं विद्यावेतनच थांबेल.’ पायल खाली मान घालून उभी होती. तिच्या मेसचे पैसे त्यातूनच जातात, तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. मी गप्प बसले. मी तुझीच लेक ना.

परवा समिती आली. मीही मागच्या रांगेत होते. पहिल्या रांगेतल्या एका साहेबांनी छान मऊ आवाजात विचारलं, ‘आजी, गावात सगळे गुण्यागोविंदानं राहायचे ना? मग गाव का सोडलं?’ हिरवा दिवा लागला. तू म्हणालीस, ‘हो साहेब, लय चांगलं गाव होतं. गोदी तापानं गेली. सगळं गाव रडलं. मग बापाले नागपुरात काम भेटलं.’

टाळ्या! साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. दुसरा हप्ता तिथल्या तिथे मंजूर झाला आणि पेढे वाटले. मी पेढा हातात धरून बसले आणि मला सगळं लख्ख कळलं. ती डबी समोरच्याला हवं तेच बोलते. विलासला खुनी हवा होता, तिनं दिला. साहेबांना ताप हवा होता, तिनं ताप दिला. आणि तू? तू जन्मात कधी कुणाच्या मनासारखं बोललीस का?

विलासला सांगितलं तर म्हणतो, ‘ताई, एवढ्या साहेब लोकायसमोर माय घाबरली असन. मले खरं सांगितलं तिनं. तुले काहून पटत नाही वं?’ मी म्हटलं, अरे, आपली माय कधी घाबरली का कोणाला? तर उठून गेला. त्यानं ते रेकॉर्डिंग आधीच त्या गावातल्या कुणाला तरी फोनवर पाठवलं होतं. ते फिरत फिरत किसन पाटलाच्या नातवापर्यंत पोचलं. मोठा बागायतदार आहे म्हणे, माणसं बाळगून असतो. त्याचं उत्तर आलं. शिव्या नाहीत, धमकी नाही. एवढंच, ‘या रविवारी. आम्ही घरीच आहोत. वाट पाहतो.’

विलास दोन मित्रांना घेऊन मोटरसायकलनं निघणार आहे. शोभा सकाळपासून बुद्धाच्या मूर्तीसमोर नाही, तुझ्या फोटोसमोरही नाही. दारात बसलीय. मी तिला जेवायला बोलावलं तर म्हणाली, ‘ताई, सासूबाईले सांगा ना, त्याले अडवा म्हणा.’ कुठल्या सासूबाईला, तेही तिला कळेना.

आणखी एक सांगायचंय. काल दुपारी घरात कोणी नसताना मी डबीसमोर बसले. ‘माय,’ म्हटलं. दिवा लागला. मी विचारलं, ‘तू मला का नाही सांगितलंस?’ ती म्हणाली, ‘नंदे, तुलेच सांगणार होती वं. तूच तर माझी होती.’

मी रडले, माय. खूप रडले. आयुष्यभर तुझ्या तोंडून जे ऐकायचं होतं, ते शब्दन्‌शब्द तिनं दिलं. आणि मग मला तिची भीती वाटली. मी तार काढली. विलासनं संध्याकाळी पुन्हा जोडली.

आज सकाळी पायल आली. तिनं माझ्या फोनवर तो तुकडा घालून दिला, तिनं जपून ठेवलेला, कापायच्या आधीचा. तिचा प्रश्न. मग पंखा, बाहेर भंगारवाल्याची हाक, तुझ्या बांगड्यांचा आवाज, माझ्या मेथीच्या काड्या मोडल्याचा आवाज. तुझा श्वास. आणि शेवटी, ‘पुढचं विचार वं पोरी.’

उद्या मी विलासच्या मागे बसून जाणार आहे. त्यानं नाही म्हटलं तर एस.टी.नं त्याच्याआधी पोचेन. त्या दारात मी त्याच्या आणि त्या लोकांच्या मध्ये उभी राहीन, आणि तो डबी लावायच्या आत हा तुकडा लावेन, पूर्ण. सगळ्यांना ऐकू दे. आमच्या मायनं याबद्दल एवढंच सांगितलंय, असं मी म्हणेन. ते काय करतील, मला माहीत नाही. पण तू न बोललेलं एक अक्षर तुझ्या नावावर मी चढू देणार नाही. हा माझा शब्द.

तू मात्र उत्तर देऊ नकोस. बाहेरच्या खोलीत विलासनं आत्ताच ‘माय’ म्हटलं, मला ऐकू आलं. दिवा लागला असेल.

तू गप्प राहा, माय. आयुष्यात एकदा तरी माझ्या मनासारखं कर.

तुझीच,
नंदा