मोटर आपोआप सुरू होत नाही

दोन पत्रं टाकली, उत्तर एकाचंही नाही. इथून पोरगा फोन लावतो तर तुम्ही "बरं चाललंय" म्हणून मोकळे. तोंडाला काय कुलूप लावलंय?

असो. अहो, नमस्कार करते. मी धडधाकट आहे. गुडघ्याची गोळी घेताय ना?

नातीच्या शाळेत काम दिलंय, घरातल्या एखाद्या यंत्राची गोष्ट सांगायची आणि ते यंत्र हातानं बनवायचं. हिनं तुमची तुटलेली बोटं निवडली! पुठ्ठ्याचं चारा कापायचं यंत्र केलंय, छोटी मोटर लावून. झाकण बंद केल्याशिवाय पातं फिरतच नाही. आपल्याला कधी सुचलं नाही ते.

गोष्ट माझ्या आवाजात टॅबवर भरून घेतली. मी म्हटलं, "आजोबांचा हात आत होता, तेवढ्यात यंत्र सुरू झालं."

"आजी, मोटर आपोआप सुरू होत नाही. बटण कोणी दाबलं?"

भाजी करपतेय म्हणून मी उठले. तेव्हापासून एका जागी बसवत नाही. धुतलेली भांडी परत धुते.

बटण मी दाबलं होतं. तीस वर्षं तुम्ही "माझीच चूक" म्हणत गावभर सांगितलंत आणि मी सांगू दिलं. महिनाअखेरीला ती गोष्ट सगळी शाळा ऐकणार. मला ती पुन्हा सांगायची आहे, खरी. फोनवर विचारता येत नाही, इथे फोन मधोमध ठेवून सगळे ऐकतात.

सांगू का? उत्तर तुम्हीच लिहा, त्याच हातानं. धाकट्या सुनेकडून लिहून घेतलंत तर वाचणार नाही.