जाड पत्र्याचं दार

३ फेब्रुवारी
पोचलो एकदाचे! निघताना ज्याने त्याने घाबरवलं होतं, डोंगरात बंडखोर आहेत, रस्त्यात सुरुंग असतात. गाव तर झकास निघालं. क्वार्टर ऐसपैस, नळाला जोर. हिने आल्या आल्या पडदे लावले, छकुली सगळ्या खोल्यांतून धावली. पोलिसांचं वर्कशॉप दोन गल्ल्या सोडून. डोंगरात जाणाऱ्या गाड्यांना बसवायचा पोलादी पत्रा गोळी अडवतो का ते तपासायचं आणि शिक्का मारायचा, हे माझं काम. आजच्या चाचणीत गोळी पत्र्यावर चपटी होऊन खाली पडली, पत्र्याला नुसता ओरखडा. ड्रायव्हर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, खूश झाले. म्हणाले, आता जांभया देत गाडी चालवीन.

११ फेब्रुवारी
पत्र्याचा ठेकेदार भला माणूस. छकुलीला शाळेत जागा मिळत नव्हती, त्याने एका फोनवर काम केलं. आज क्वार्टरला पोलादी दार बसवून गेला, खिडक्यांना झडपासुद्धा. मी संकोचलो, तर म्हणाला, वहिनी दिवसभर एकट्या असतात, धाकट्या दिराकडून समजा. ही फार निर्धास्त झाली आहे.

२० फेब्रुवारी
आज सहज मामांच्या गाडीच्या पत्र्यावर टिचकी मारली. रिकाम्या डब्यासारखा वाजला. चाचणीतला पत्रा हा नव्हेच. जाड माल कुठे गेला म्हणून ठेकेदाराला गाठलं. जो भाव देईल त्याला विकतो म्हणाला, डोंगरातलेही देतात. वर हसून म्हणाला, तुमचं दार त्यातलंच की, साहेब.
मोठ्या साहेबांकडे गेलो. गाडी उद्या निघायची आहे, उगाच खोडा घालू नका म्हणाले. मग चहा मागवला आणि मुलीला शाळा आवडली का, ते विचारलं.
शिक्का मारला. बाहेर मामांनी विचारलं, झालं ना सगळं ठीक? मी मान डोलावली. त्यांच्याकडे बघवलं नाही.

२२ फेब्रुवारी
मामा गेले. गाडीतले सगळेच गेले. गोळ्या आरपार झाल्या, टाकी पेटली, पत्रा वाकून दार अडकलं. मागच्या गाडीतला शिपाई सांगत होता, आतून बराच वेळ ठोकत होते. आणि बंडखोर जाड पत्र्यांच्या आड बसले होते, आमची एकही गोळी आत गेली नाही. ते पत्रे मीच पास केलेले.
मामांच्या बायकोने माझ्यापुढे हात जोडले. म्हणाली, तुम्ही तरी नीट तपासलं होतंत.
घरी येऊन जेवलो. जेवण गेलं, हीच शरम.

२५ फेब्रुवारी
भर दुपारी दारावर थापा. उघडलं, कोणी नाही. हिला काहीच ऐकू आलं नाही म्हणे.

२८ फेब्रुवारी
पुन्हा थापा. मी अंगणात होतो. दारासमोर उभा. बाहेर कोणी नव्हतं.
ठोकत होते ते आतून. घरात माणूस नव्हतं.

२ मार्च
दार तापलेलं, सावलीत असून. डिझेलचा वास. ही म्हणते, तुम्हाला ताप आहे.
मोठ्या साहेबांना म्हटलं, मी वर तक्रार करणार. ते म्हणाले, दारासकट करणार का?
परत आलो.

४ मार्च
नवी गाडी आली. तोच पत्रा, टिचकीही मारावी लागली नाही. नवा ड्रायव्हर पोरगेलासा, लग्न ठरलंय म्हणाला. मी—
मारला. पुन्हा मारला शिक्का.

५ मार्च, दुपार
ही छकुलीला आणायला गेली आहे. दार बंद झालं. कडी काढली, हलत नाही. झडपाही उघडत नाहीत. वास— श्वास कोंडतोय. खोली अरुंद झाल्यासारखी, दोन्ही बाजूंनी गुडघे लागतात, गुडघे कोणाचे—
मामा म्हणताहेत, सरकून बसा.
बाहेर छकुली. हीही. विचारते, कडी का लावलीत? मी ठोकतोय. दोन्ही हातांनी. आत कोण कोण आहे, म्हणते. मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी त्या सगळ्यांनी एकदम—