दुधीची दोन टोकं

प्रिय अंकू,

ट्रेमधल्या पुदिन्याच्या रोपांखाली हे पाकीट ठेवतेय. दुसऱ्या कुणी उघडण्याआधी ते तुझ्या हाती लागू दे. आधी एवढंच वाच, बाकीचं मागाहून वाचलंस तरी चालेल. उद्याच्या डब्यात ते दुधी घालू नकोस. चिरले असशील तर टाकून दे. शिजवल्यानं त्यातलं कडू जात नाही, गूळ-खोबऱ्यानं नुसतं झाकलं जातं, आणि मला भीती त्याचीच आहे. काल तू जो तुकडा गिळलास, त्यानं मळमळ, पोटात कळ, चक्कर असं काहीही वाटत असेल तर हे पत्र तिथंच ठेव आणि आधी डॉक्टरकडे जा. खरंच जा.

आमच्या अण्णांचं काल मला अर्धंच सांगता आलं. माझे सासरे सकाळी दुधीचा रस घेतात हे तुला माहीत आहे. यंदा आपल्याच गच्चीवरचा दुधी म्हणून ते फार खुशीत होते. त्या दिवशी रस कडू लागला, तर त्यांनी नाक दाबून पेला संपवला आणि वर मला म्हणाले, सूनबाई, इतका कडू आहे म्हणजे गुण येणारच. तासाभरात उलट्या सुरू झाल्या. नंतर त्यात रक्त दिसलं. दवाखान्यात रक्तदाब मोजणाऱ्या मुलीनं पट्टा काढून पुन्हा बांधला, कारण आकड्यावर तिचाच विश्वास बसेना. मी पाय चोळत होते आणि ते माझ्या हातात गार होत चालले होते. डॉक्टरांनी आल्या आल्या विचारलं, दुधीचा रस प्यायले का. म्हणजे त्यांना हे नवं नव्हतं, मलाच नवं होतं. आता अण्णा घरी आहेत, पेज घेतात, माझी चेष्टाही करतात. पण मी अजून त्यांच्या खोलीच्या दाराशी उभी राहून श्वास ऐकते.

हे कसं झालं ते मला हळूहळू उमगलं. आमच्या शेजारच्या चंद्रावतीबाई आठवतात ना, कुंपणावर कडू भोपळे चढवणाऱ्या? भोपळा वाळवून ठेवायचा आणि नातवंडं तळ्यात पोहायला शिकायला लागली की त्यांच्या पाठीला बांधायचा, ही त्यांच्या घरची जुनी रीत. मी गच्चीवर झेंडू, सब्जा, तुळस, बडीशेप लावली ती मधमाश्या याव्यात म्हणून, आणि त्या आल्याही. चंद्रावतीबाई कुंपणावरून मला म्हणायच्या, "विनिता, तुज्या माश्या माज्या भोपल्यावर चरतात, भाडा दे गो त्यांचा." आम्ही दोघी हसायचो. दुधीची आणि त्या भोपळ्याची फुलं सारखीच, पांढरी, संध्याकाळी उमलणारी. माश्या, पतंग, जे कोणी येत असेल, ते पराग घेऊन इकडून तिकडे जात राहिले. गेल्या वर्षीचे माझे दुधी गोडच होते, कारण बिघाड फळात नव्हता, बियांत होता. त्या बिया मी जपून वाळवल्या, राखेत ठेवल्या, जूनमध्ये त्यांची रोपं केली आणि 'घरचं बी, फवारणी नाही' असं अभिमानानं सांगत वाटली.

ज्यांना रोपं दिली त्या सगळ्यांना फोन केले. कुणाची वेल पावसात कुजली होती, कुणाला नुसती फुलंच आली होती, बाकीच्यांनी उपटून टाकली. राहिलीस तू. आणि सगळ्यांत चांगली वाढली तीही तुझीच, ग्रिलवरून चढत पार वरच्या मजल्यापर्यंत. एका वेलीची सगळी फळं एकाच चवीची असतात, अंकू. एखादा गोड निघेल अशी आशा नाही. तुमच्या ऑर्डरच्या फोनवरचं स्टेटस पाहिलं, 'शुक्रवारी घरच्या वेलीच्या दुधीची चणाडाळ', आणि मी जेवत्या ताटावरून उठून रोडपालीला तुझ्याकडे आले.

काल तुझ्या ओट्याभोवती तुम्ही तिघं होतात. त्या स्वयंपाकघरात तुला एकटीला गाठायचं म्हणजे अवघडच. मी अण्णांचं सांगायला लागले तर तुझा नवरा, परेश, म्हणाला, "ताई, तुम्ही उगाच टेन्शन घेता. अंकिताच्या जिभेवरून गेल्याशिवाय आपल्याकडून काही बाहेर जात नाही. तिची जीभ म्हणजे लॅब आहे, लॅब." तुझ्या सासूबाई म्हणाल्या, "आमच्या जिभेला कोण विचारतंय? चाळीस वर्षं काय आम्ही वाळू शिजवली?" आणि मग त्यांनीच तुझ्यापुढे सुरी सरकवली. दुधी असो की काकडी, दोन्ही टोकं कापायची, चाखायची, मगच पुढे चिरायचं, हे आपल्याला नऊवारीतल्या बायकांनी शिकवलं आणि आपण कधी मोडलं नाही. तू टोक कापलंस. चाखलंस. सगळे तुझ्या तोंडाकडे बघत होते. मी तुझ्या डोळ्यांकडे बघत होते आणि तू माझ्याकडे बघितलं नाहीस. "गोड आहे गं," म्हणालीस.

दुसरं टोक मी रुमालात घेतलं. जिना उतरताना दातांखाली धरलं. अंकू, थुंकून टाकलं तरी घरी पोचेपर्यंत माझ्या घशाची आग थांबली नाही.

त्या क्षणी वर येऊन ओरडायला हवं होतं असं तुला वाटेल. मलाही वाटलं. पण मला गच्चीवरची ती दुपार आठवली. टाळेबंदी उठली होती, तुझा ताप जाऊन बरेच दिवस झाले होते आणि मी खेळ म्हणून तुला डोळे मिटायला लावून एकेक पान तोंडात देत होते. जाड, लवदार पान आलं तसं तू ओवा म्हणालीस. धारेचं पान बोटानं चाचपून गवती चहा ओळखलास. मग मी पुदिना आणि सब्जा दिला, तेव्हा तू कितीतरी वेळ चावत राहिलीस आणि डोळे न उघडताच रडायला लागलीस. काहीच लागत नाही म्हणालीस. गोड नाही, कडू नाही, तिखटाची नुसती आग. दारावर डब्यांसाठी 'अंकिताची चव' असा बोर्ड नुकताच लागला होता. परेशनं नोकरी सोडली होती. कुणाला सांगू नकोस म्हणून तू मला माझ्या मुलांची शपथ घातलीस.

त्यानंतर तू जे केलंस ते मी फार जवळून पाहिलंय. मीठ तळहाताच्या खळग्यात मापायचीस, फोडणी कानानं ऐकायचीस, आमटीचा रंग खिडकीपाशी नेऊन बघायचीस. कुणाला शंका आली नाही, आणि मीही मनात म्हणत आले की यात कुणाचं काय बिघडतंय. चमचा तोंडाला लावून 'बरोबर आहे' म्हणायची तुला इतकी सवय झाली आहे की काल ते शब्द तुझ्याही आधी बाहेर पडले असतील. तुझ्यावर राग नाही. मला नुसती भीती वाटते. तिसऱ्या मजल्यावरचे ते एकटे काका, दिलेलं ताट पुसून खाणारे. न्हावा शेव्याच्या यार्डातली ती पोरं, कंटेनर मोजून आल्यावर कशाचीही चव न बघता जेवणारी. मेथी घातली असेल म्हणतील आणि भाकरीबरोबर ढकलतील. माणूस चार घास खाऊन मग विचार करतो. डोळे मिटले की मला प्रत्येक डब्यापाशी अण्णांचे गार पाय दिसतात.

दुधी कडू आहेत, टाका, एवढं परेशला मी कालच सांगू शकले असते. पण त्यानं लगेच विचारलं असतं, मग अंकिता गोड कसं म्हणाली? त्याचं उत्तर द्यायचा हक्क माझा नाही, म्हणून फोन न करता हे पत्र. तुमच्या गेटजवळच्या बाकावर बसून लिहितेय. आता वर येऊन ट्रे तुझ्या हाती देईन आणि पुन्हा इथंच येऊन बसेन. तू त्याला सांग. तुला वाटतं तसं काही कोसळणार नाही. चाखायला सासूबाईंना बसव, त्या तर किती दिवस वाटच बघतायत. सांगून झालं की वेल मुळापासून उपट आणि ग्रिलमधून खाली सोड, मी उचलून नेईन. वेल आली नाही तर मी वर येईन आणि रुमालातला उरलेला तुकडा परेशच्या हातावर ठेवेन. मग तू माझ्याशी बोलशील की नाही, याचीही भीती वाटते आहेच, पण ती मी सोसेन. तुझ्या वेलीवर उजव्या बाजूला एक पांढरी कळी दिसतेय. ती संध्याकाळी उमलेल. त्याआधी, अंकू.

खाली थांबलेली, तुझीच
विनिता